नववं नाव

नारायण पेठेतल्या आमच्या दैनिकात संदर्भ विभाग म्हणून एक लांबट खोली होती. सत्यशीलाबाई रणपिसे तिथं एकवीस वर्षं कात्रणं कापत होत्या. मी शेजारच्या खोलीत मुद्रितशोधक, म्हणजे दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरणारा माणूस. मधलं दार कायम उघडं असे. त्यामुळे १९९९ साली त्या खोलीत जे घडलं ते बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं. जे पाहिलं नाही ते बाईंनी मला नंतर सांगितलं, आणि सांगताना स्वतःची बाजू एकदाही घेतली नाही.

बाईंचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मजूर होते. छप्पन साली त्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा बाई दोन वर्षांच्या. वडिलांना अक्षर येत नव्हतं, पण पेपर मात्र रोज घरात यायचा. पोरगी वाचायला लागल्यापासून ते तिला समोर बसवून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला लावत. परराष्ट्र धोरण, नाटकांच्या जाहिराती, धरणाची पातळी, सगळं. बाई म्हणायच्या, "मला दुसरं काही येतच नाही हो. पेपर वाचायचा आणि काय कुठं होतं ते लक्षात ठेवायचं."

ते मात्र त्यांना असं यायचं की बस. सकाळी दहाला सहा पेपर पुढ्यात, हातात लाल पेन्सिल, बाजूला कात्री आणि खळीची वाटी. दुपारी उपसंपादक दारातून ओरडायचे, "बाई, ते साखर कारखान्याचं आंदोलन कधीचं हो?" बाई मान वर न करता तारीख सांगायच्या. फाइल काढून बघितली तर तीच तारीख.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आमची 'वर्षवेध' पुरवणी निघे. देशात वर्षभर काय झालं, राजकारण, खेळ, नाटकं, पुस्तकं, कोण गेलं, कोण आलं. तिचा सगळा मालमसाला बाईंच्या फाइलींमधून जाई आणि वर नाव छापलं जाई कुणातरी उपसंपादकाचं. अशा वीस पुरवण्या बाईंनी जपून ठेवल्या होत्या. एकीवरही त्यांचं नाव नव्हतं.

नव्व्याण्णवच्या जानेवारीत आमचे संपादक तात्याराव बाईंच्या खोलीत आले. त्या दिवशी त्यांचा मूड चांगला होता. म्हणाले, "सत्यशीलाबाई, शतक संपत आलं. यंदाच्या पुरवणीवर 'संकलन' म्हणून आपलं नाव टाकू या. बरीच वर्षं राहिलंय."

तात्याराव विसरले असतील, बाई विसरल्या नाहीत. त्यांनी दोनशे पानी वही घेतली आणि पुरवणीचं पान न् पान आखायला सुरुवात केली. आणि वर्षही असं की रोज काहीतरी घडत होतं. फेब्रुवारीत दिल्लीच्या कसोटीत आपल्या गोलंदाजानं एका डावात दहाच्या दहा बळी घेतले, पंधरा दिवसांच्या आत पंतप्रधान बसनं लाहोरला गेले. एप्रिलमध्ये एका मतानं सरकार पडलं. बाईंनी त्यासाठी वेगळी फाइलच केली आणि वर सुबक अक्षरात लिहिलं, 'एक मत'. मे महिन्यात कारगिल सुरू झालं. बाईंचे मिस्टरही खडकीच्याच कारखान्यात. ते ओव्हरटाइम करून यायचे आणि जेवता जेवता झोपायचे. जूनमध्ये मँचेस्टरला आपण पाकिस्तानला क्रिकेटमध्ये हरवलं, तेव्हा वर डोंगरात गोळीबार चालूच होता. बाईंनी वहीत दोन्ही बातम्या एकाच पानावर समोरासमोर मांडल्या. मला दाखवून म्हणाल्या, "बघा, शेजारी शेजारी ठेवलं की काही लिहावंच लागत नाही."

आमच्या जिल्ह्यातले नऊ जवान त्या लढाईत गेले. नऊही कात्रणं बाईंनी स्वतः कापली. प्रत्येकाचा पासपोर्ट आकाराचा फोटो, गाव, आईवडिलांचं नाव. त्यांच्या नावांची एक वेगळी चौकट पुरवणीत जायची होती. नावं त्यांना पाठ होती.

ऑगस्टमध्ये नम्रता आरवाडे आली.

सांगलीची मुलगी, चोवीस वर्षांची. सदाशिव पेठेत भाड्याची कॉट घेऊन राहायची. कापलेले केस, जीन्स, कायनेटिक. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला आणि मराठी उत्तम. मालकांनी ठरवलं होतं की संदर्भ विभाग आता 'आधुनिक' करायचा. बाईंच्या खोलीतली दोन कपाटं जिन्याखाली गेली. त्या जागी टेबल, कॉम्प्युटर आणि इंटरनेटसाठी टेलिफोनची तार आली. मशीनला उष्णता चालत नाही म्हणून खिडकीत ए.सी. बसला.

बाईंनी त्या खोलीसाठी टेबल-फॅन मागितला होता. तीन वेळा अर्ज केला होता. दर वेळी 'विचाराधीन'.

"ए.सी. चालू झाला ना," त्या मला म्हणाल्या, "तेव्हा पहिल्यांदा पोटात काहीतरी पेटलं. बाहेर गार आणि आत आग."

नम्रता आळशी असती, उद्धट असती, तर बाईंचं सोपं झालं असतं. तिला नावं ठेवून त्या मोकळ्या झाल्या असत्या. पण पोरगी सकाळी साडेनऊला हजर. "ताई, ही फाइल मला समजावून सांगता?" असं विचारून शेजारी बसायची, ऐकायची, पटापट टाइप करायची. बाईंना जे शोधायला उठावं लागे ते ती खुर्चीत बसून दाखवायची. तात्याराव पूर्वी महिन्यातून एकदा त्या खोलीत डोकावत. आता दिवसातून तीनदा. बाई मोजायच्या. तात्याराव आले की पडद्याकडे बघत उभे राहायचे आणि म्हणायचे, "वा!" बाईंनी एकवीस वर्षांत हा 'वा' ऐकला नव्हता.

त्यांना तिचं सगळंच दिसायला लागलं. ती डबा उघडते कसा, फोनवर इंग्रजी किती सहज बोलते, शिपाई तिला चहा आधी देतो की नाही. घरी जाताना बसमध्ये त्या मनातल्या मनात तिच्याशी भांडत. आणि दुसऱ्या दिवशी ती "गुड मॉर्निंग ताई" म्हणाली की यांच्या तोंडून "हं" एवढंच निघे.

त्यात दीक्षा. बाईंची एकुलती एक मुलगी, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. सप्टेंबरात निवडणुकीची गडबड होती, तेव्हा आईला डबा द्यायला म्हणून ती कचेरीत आली आणि नम्रताच्या टेबलाशी तासभर थांबली. पुढच्या शनिवारी पुन्हा आली. नम्रता तिला पान कसं लावायचं ते शिकवायला लागली. पैसे घ्यायचं नाव नाही.

घरी दुसरा विषय उरला नाही. "आई, नम्रतादीला काय फास्ट येतं गं टाइप करायला! ती म्हणाली, मला सहा महिन्यांत जॉब लागेल. आई, मी पण केस कापू?"

"काप," बाई म्हणाल्या. "नाव पण बदल."

दीक्षाला कळलं नाही. ती हसली. बाईंना ते हसणंही लागलं. आपल्या आईला काय येतं, हे या पोरीनं कधी असं डोळे मोठे करून कुणाला सांगितलं होतं का?

ऑक्टोबरच्या शेवटी ओडिशात वादळानं हजारो माणसं नेली. बाई ती कात्रणं लावत असताना तात्याराव आले आणि पडद्याकडे बघत म्हणाले, "नम्रता, वर्षवेधचं तू बघ. नवीन लेआउट कर. संकलन म्हणून तुझं नाव जाऊ दे, मालकांनाही तेच हवंय." मग जाता जाता वळून म्हणाले, "सत्यशीलाबाई, आपण हिला मदत करालच."

"करालच," बाईंनी तो शब्द मला जसाच्या तसा, त्याच सुरात म्हणून दाखवला.

मी म्हणालो, "तुम्ही आठवण का नाही करून दिली?"

"मागून मिळालेलं नाव काय कामाचं?"

दोनशे पानी वही त्यांनी नम्रताला दिली. पुढ्यात टाकली म्हणा. नम्रतानं ती दोन दिवस वाचली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ताई, हे किती सुंदर आहे! ही मॅच आणि युद्ध समोरासमोर. मी हे असंच ठेवते." तिनं खरंच तसंच ठेवलं. बाईंना वाटलं, आता हेही तिचं झालं.

पुरवणी सव्वीस डिसेंबरच्या रविवारची. पानं शुक्रवारी दुपारी तयार होती. शुक्रवारी संध्याकाळी काठमांडूहून निघालेलं आपलं विमान पळवून नेल्याची बातमी आली. शनिवारी सकाळी तात्यारावांनी फर्मान काढलं, शेवटचं पान उघडा, विमान घ्या. त्या पानावर खाली जवानांची चौकट होती. जागा करायला नम्रतानं ती चौकट आखूड केली. आखूड करताना शेवटची ओळ खाली दबली आणि पडद्यावरून नाहीशी झाली.

दुपारी बारा वाजता तिनं पानाची प्रत काढली. माझ्या टेबलावर त्या वेळी मुख्य अंकाचा ढीग होता, म्हणून ती बाईंकडे गेली. मी दारातून बघत होतो.

"ताई, प्लीज एकदा नजर टाकता? विशेषतः चौकट. ही नावं तुम्हालाच माहीत."

बाईंनी प्रत घेतली. वर ठळक टाइपात 'संकलन : नम्रता आरवाडे'. त्यांचे डोळे त्यावर गेले आणि मग खाली आले. आठ नावं. नववं नाव हणमंत रंगराव शिळीमकर, भोर तालुका. ते नव्हतं.

त्यांनी लाल पेन्सिल उचलली. नंतर ती खाली ठेवली.

"बघितलं," त्या म्हणाल्या. "ठीक आहे."

मला तेव्हा यातलं काही कळलं नाही. मला एवढंच दिसलं की बाईंनी प्रत परत दिली आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. नंतर त्यांनी मला सांगितलं, "मला त्या पोराचं वाईट व्हावं असं नव्हतं. तो माझ्या डोक्यातच नव्हता. डोक्यात एवढंच, की एकदा, एकदा तरी तात्याराव हिला सगळ्यांसमोर बोलोत."

रविवारी पुरवणी निघाली. सगळ्यांनी वाखाणली. बाईंनी ती घरी उघडलीसुद्धा नाही. दीक्षानं मात्र वाचली, दोनदा.

सोमवारी अकराच्या सुमाराला एक म्हातारे गृहस्थ जिना चढून आले. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर पिशवी. भोरहून पहाटेच्या एस.टी.नं निघाले होते. कात्रजच्या घाटात गाडी बंद पडली म्हणून उशीर झाला, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं, जणू कुणी त्यांची वाट बघत होतं. पिशवीतून त्यांनी पुरवणी काढली, घडी उलगडली आणि चौकटीवर बोट ठेवलं.

"ह्यात माझ्या पोराचं नाव न्हाई," ते म्हणाले. "हणमंता. मी रंगराव शिळीमकर."

शिपायानं त्यांना तात्यारावांकडे नेलं. तात्यारावांनी नम्रताला बोलावलं, जवानांची फाइल घेऊन बाईंनाही बोलावलं, आणि मी पुरवणीचा मुद्रितशोधक कागदोपत्री तरी होतो म्हणून मलाही.

रंगराव खुर्चीवर बसायला तयार नव्हते. उभ्यानंच बोलत होते. आवाज चढवलेला नव्हता.

"साहेब, गुरुजींनी वाचून दावलं. म्हणले, आठच हायत. गावात आता कुजबूज चाललीय. म्हणत्यात, सरकारनं नाव काढलं. काईतरी चुकलं असंल त्याचं, म्हणून काढलं. त्याच्या आईनं कालपासनं पाणी घेतलं न्हाई. मी म्हणलं, जाऊन इचारून येतो. काई चुकलं असंल त्याचं, तर सांगा. मी ऐकून घेतो."

तात्याराव पाणी प्यायले. मग त्यांना राग आला. आमच्या तात्यारावांचा राग थंड असे, त्याला धार असे.

"नम्रताबाई," ते म्हणाले, "आपल्या त्या यंत्राला आठपर्यंतच मोजता येतं का? की मोजायचं काम आपण माणसांकडे ठेवलेलं नाही?"

नम्रता पांढरीफटक पडली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण ती पुसत नव्हती. "सर, माझी चूक. घाईत चौकट कमी केली. मी मोजायला हवं होतं." ती रंगरावांकडे वळली. "बाबा, त्यांचं काही चुकलं नाही. माझं चुकलं."

पान ताईंना तपासायला दिलं होतं, असं ती म्हणाली नाही. एका वाक्याचं काम होतं. तिनं बाईंकडे बघितलंसुद्धा नाही.

बाईंना हवं होतं ते घडत होतं. तात्याराव बोलत होते, सगळ्यांसमोर. बाईंनी मला सांगितलं, "तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या क्षणीसुद्धा मला तिचा हेवा वाटला. मला कधीच जमलं नसतं असं गप्प राहणं. हेही तिलाच जमावं!"

आणि मग बाई बोलल्या.

"सर, तिनं पान मला दाखवलं होतं. मी ते बघितलं होतं. नऊ आहेत हे मला माहीत होतं, आठ छापलीत हेही दिसलं होतं. मी बोलले नाही."

तात्यारावांना उलगडा होईना. "बोलला नाहीत म्हणजे?"

"मुद्दाम."

"का?"

"हिला बोलणी बसावीत म्हणून."

नम्रतानं तेव्हा बाईंकडे पहिल्यांदा बघितलं. रंगराव एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पुरवणीची घडी घातली, सावकाश, कडेला कड जुळवून.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं भांडण तुम्ही खुशाल भांडा. त्यात माझं पोर कशाला घेतलंत?"

बाईंनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. रंगरावांनी पाय मागे घेतले नाहीत, पण हातही वर उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर हणमंतचा फोटो, नाव, गाव आणि आमची दिलगिरी छापून आली. ते कात्रण बाईंनीच काढून दिलं होतं. मजकूर मी चार वेळा वाचला. तात्यारावांनी आपल्या गाडीतून पन्नास अंक गावाला पाठवले, आणि बाई त्या गाडीतून गेल्या. नको म्हणालो तरी ऐकलं नाही. हणमंतच्या आईसमोर बसून त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. तिनं फक्त तो अंक मागून घेतला आणि फोटोवर हात ठेवून बसली. परतीच्या वेळी रंगराव गाडीपर्यंत आले. "पाणी घेतलं तिनं," एवढंच म्हणाले.

नोकरी गेली नाही. पण एक जानेवारीला बाईंची बदली तळमजल्यावर छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर झाली. दोन हजार साल लागताच मशिनं बंद पडतील म्हणून सगळं जग ज्या दिवसाची धास्ती घेऊन बसलं होतं तोच दिवस. मशिनं काही बंद पडली नाहीत. संदर्भ विभागाची किल्ली बाईंनी नम्रताच्या टेबलावर ठेवली.

"नम्रता, माझ्याकडून फार वाईट झालं."

"हो," नम्रता म्हणाली. "ताई, मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता. ती काही माझी चूक नव्हती." आणि ती टाइप करायला लागली. मार्चमध्ये तिनं राजीनामा दिला आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत गेली. जाताना सगळ्यांना पेढे दिले. बाईंच्या खिडकीवर थांबली नाही.

दीक्षाला बाईंनी स्वतःच सांगितलं होतं. पोरगी दीड महिना आईशी कामापुरतं बोलली. एकदा फक्त म्हणाली, "आई, ती मला नेहमी सांगायची, तुझ्या आईसारखी मेमरी माझी असती तर मी कुठच्या कुठं गेले असते. ती तुझ्यावर जळायची गं, मजेत." बाई मला म्हणाल्या, ते ऐकून रडू यायला हवं होतं, पण मला आधी बरं वाटलं. मग रडू आलं.

दीक्षाला पुढं नोकरी लागली, नम्रता म्हणाली होती तशीच. बाई जाहिरातींच्या खिडकीवर बारा वर्षं बसल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या.

दोन हजार चारमध्ये दीक्षाचं लग्न झालं. येरवड्याच्या एका हॉलमध्ये बौद्ध पद्धतीनं साधा समारंभ. मी गेलो होतो. वंदना झाली, लोक जेवायला उठले, तेवढ्यात दारातून नम्रता आली. दीक्षानं तिला बोलावलं होतं, आईला न सांगता. हातात मोठा पुष्पगुच्छ, मागे नवरा. दीक्षा नवरीच्या साडीत धावत गेली आणि तिच्या गळ्यात पडली. फोटोग्राफर धावला. दोघी किती वेळ तशाच.

मी बाईंकडे बघितलं. त्या माझ्याशेजारीच उभ्या होत्या. चेहरा घट्ट झाला होता.

"अजून?" मी हळूच विचारलं.

"अजून," त्या म्हणाल्या. "सकाळपासून पोरगी माझ्या गळ्यात अशी पडलेली नाही."

मग त्यांनी पदर सारखा केला, गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "नम्रता, जेवल्याशिवाय जायचं नाही. माझ्या पंगतीला बस."

नम्रतानं क्षणभर विचार केला. मग पुष्पगुच्छ नवऱ्याच्या हातात दिला आणि बाईंच्या मागोमाग जेवणाच्या टेबलाकडे गेली.